घोड्यावरील प्रात्यक्षिक

कल्याणच्या डॉक्टरांनी मेघा गायकवाडची अक्कलदाढ काढली, त्याच दिवशी इकडे कॉलेजात शिक्षकांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी मेघा कामावर आली तेव्हा क्रीडा विभाग तिच्या गळ्यात पडलेला होता. गाल सुजलेला असल्यामुळे तिला धड 'नाही' म्हणता आलं नाही.

"सर्वानुमते ठराव झालाय, मॅडम," प्राचार्य कमळाकर फर्डे म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातात एक किल्ली ठेवली.

"शर, मी मराठी शिकवते," मेघा गालावर हात ठेवून म्हणाली.

"खेळायला भाषा कुठे लागते?" सर म्हणाले. त्यांना मोठी घाई होती. ते नेहमीच घाईत असत.

हे १९९९ सालच्या ऑगस्टमधलं. कॉलेज शहापूर-मुरबाड रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे. सहा वर्षांपूर्वी निघालेलं. चार खोल्या पक्क्या, तीन पत्र्याच्या, आणि एक लांबलचक शेड, जिच्यात ग्रंथालय होणार होतं पण अजून सिमेंटच्या रिकाम्या गोण्याच होत्या. मैदान म्हणाल तर उतारावरचा माळ. क्रिकेटचा चेंडू वरच्या अंगाला मारला तर आपसूक परत येई, खालच्या अंगाला मारला तर ओढ्यातून शोधून आणावा लागे. किल्लीने जे कपाट उघडलं त्यात एक कॅरम, फाटकं व्हॉलीबॉलचं जाळं आणि वाकलेला एक भाला निघाला. लोखंडी गोळाही होता म्हणे. तो सरांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे लावून ठेवलेला.

मेघा त्या वेळी एकोणचाळीस वर्षांची होती आणि जन्मात कधी धावली नव्हती. हे अतिशयोक्तीने सांगत नाही. तिचे वडील, आबा, शहापूरच्या पोस्टात होते. त्यांच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. शेजारच्या पोरी अंगणात लंगडी खेळायला लागल्या आणि मेघा उंबऱ्यापर्यंत गेली की आतून आवाज येई, "मेघे, बस." आबांचं म्हणणं ठाम होतं. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या हाकेला धावली. आता तू बसायचं. बसून वाचायचं. खुर्ची आपल्याला फुकट मिळालेली नाय. मेघा बसली. बसून एम.ए. झाली, बसून बी.एड. झाली, आणि उभी राहिली ती थेट वर्गात फळ्यापुढे. शाळेत खेळाच्या तासाला ती मुलींच्या चपला सांभाळायची. म्हणून किल्ली हातात पडली तेव्हा तिला हसूच आलं, पण दाढेमुळे तेही अर्धंच आलं.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका कॉलेजचं पत्र आलं. जुनं, नामांकित कॉलेज. त्याची व्यायामशाळा १९११ सालची. ती पाडून तिथे आता संगणक केंद्र होणार होतं. आतलं सामान ज्या ग्रामीण कॉलेजला हवं असेल त्यांनी स्वखर्चाने घेऊन जावं. खाली यादी होती: समांतर दांड्या, लोंबत्या कड्या, चढायचे दोर, लाकडी मुदगल, काथ्याची गादी, उसळती फळी, घोडा एक.

"सगळं घ्या," फर्डे सर म्हणाले. "घोडा पहिला घ्या."

मेघा बारकूच्या टेम्पोतून मुंबईला गेली. बारकू एरवी भाजी वाहायचा, त्यामुळे टेम्पोला मेथीचा वास होता. त्या कॉलेजात शिरल्यावर दोघंही दारातच थांबली. देवळासारखी उंच व्यायामशाळा. सागवानी छप्पर, इतक्या उंचावरून सोडलेले दोर की वरचं टोक बघताना बारकूची टोपी पडली. भिंतीवर लाकडी पाट्या, त्यांवर १९१४, १९२२, १९३१ अशा सालांचे जिंकलेले संघ, सोनेरी अक्षरांत. तालमीसारखी माती नाही, तेलाचा आणि चामड्याचा वास. आणि मधोमध घोडा: चार जाड लाकडी पाय, वर गुळगुळीत, तपकिरी, चामड्याची लांबट पाठ. तोंड नाही, शेपूट नाही. त्याच्या बाजूला स्टुलावर एक म्हातारा फडकं घेऊन बसलेला.

"तुमी शहापूरच्या काय?" म्हाताऱ्याने विचारलं. "मी धर्मा. मूळचा मुरबाडकडचा. बावन्न सालापासून ह्याला मीच पुसतो."

धर्मा तिथला व्यायामशाळेचा शिपाई. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण परळहून दर सोमवारी येऊन तो घोड्याला एरंडेल चोळून जायचा. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नव्हतं. बारकूने आणि हमालांनी घोडा उचलून टेम्पोत चढवला, दोर गुंडाळले, दांड्या बांधल्या. धर्मा मागोमाग चढला आणि गादीवर बसला.

"बाबा, उतरा. आम्ही निघतोय," मेघा म्हणाली.

"मी पन निघतोय. तुमच्याकडं ह्याला एरंडेल कोन लावनार?" तो म्हणाला. "सरळगावला माझी पुतनी हाय. तिच्याकडं रायन."

आणि तो खरोखरच आला.

कॉलेजच्या फाटकाशी शिपाई हौसाबाई उभी होती. पन्नाशीची, काटक, डोळखांबकडच्या पाड्यावरची. डोक्यावर मोळी घेऊन दोन डोंगर ओलांडून येणारी बाई. तिच्या पायाशी हिरव्या गवताचा एक भारा आणि पाण्याने भरलेली बादली. टेम्पोचं मागचं फळकं पडलं. हौसाबाईने आत बघितलं, मग टेम्पोच्या खाली बघितलं, मग बारकूकडे.

"घोडा कुटं हाय?"

"हा काय."

हौसाबाई चामड्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. "म्याडम," ती हळूच म्हणाली, "तुमाला फसवलंय."

मेघाला इतकं हसू आलं की तिने टेम्पोचं फळकं धरलं. धर्मा मात्र रागावला. हौसाबाई त्याहून जास्त रागावली, कारण तिने रविवारच्या बाजारात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं की आमच्या कालेजात मुंबईचा घोडा येतोय. आता ते परत कोण घेणार? तिने काही परत घेतलं नाही. विचारणाऱ्याला ती एवढंच सांगू लागली, "आलाय. शेडमधी हाय. दाखवत नाय कोनाला."

शेडमधल्या गोण्या हलल्या, दोर टांगले गेले, गादी अंथरली गेली. पहिल्याच दिवशी पोरं जमली. मैना नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी पुढे होती, तिने सरळ विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर काय करायचं?"

मेघाने धर्माकडे पाहिलं. धर्माने घसा साफ केला आणि सांगितलं: लांबून धावत यायचं, घोड्यापुढच्या उसळत्या फळीवर दोन्ही पाय एकदम आपटायचे, हात घोड्याच्या पाठीवर, पाय फाकवून पलीकडे गादीवर उभं राहायचं. "पन आमच्या तिकडं रीत होती. पयला मास्तर उडी मारनार, मग पोरं. मास्तर नाय उडला तर पोरान्ला हात लावू देत नव्हते. साहेबाच्या टाइमपासून."

सगळी पोरं मेघाकडे वळली.

"मला थोडा वेळ द्या," मेघा म्हणाली. वर्गात अवघड प्रश्न आला की ती हेच म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला, कॉलेज भरायच्या आधी, शेडमध्ये मेघा, धर्मा आणि हौसाबाई अशी तिघं जमू लागली. मेघाने नणंदेचा पंजाबी ड्रेस आणि नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घातलेले. बुटांत पुढे कापूस. तिचा नवरा इंद्रजीत आसनगावहून रोजचा लोकलवाला, ठाण्याला नोकरीला. त्याचे बूट रविवारीच लागायचे. पहिले चार दिवस ती धावत यायची आणि फळीपाशी आली की पाय आपोआप थांबायचे. छाती घोड्यावर आदळायची. एकदा ती घोड्याला मिठी मारून तशीच उभी राहिली.

"बाय, हा काय माहेरहून आलेला भाऊ हाय का?" धर्मा म्हणाला.

पाचव्या दिवशी ती वर चढली आणि बसली. सहाव्या दिवशीही बसली. हौसाबाई पलीकडे झेलायला उभी असायची. तिला कंटाळा आला. "सरा जरा," ती म्हणाली. कासोटा तर घातलेलाच होता, तो तिने नीट खोचला, अनवाणी धावत आली आणि ओढा ओलांडावा तशी घोडा ओलांडून गेली. गादीवर उतरल्यावर तिने पदर सारखा केला. "ह्याला इतकं काय शिकायचं?"

धर्मा थक्क. "चाळीस वर्सांत असा पोरगा नाय बघितला," तो म्हणाला.

"मी पोरगा नाय."

"बाबा, तुम्ही कधी मारली होती उडी?" मेघाने विचारलं.

धर्माने फडकं झटकलं. मग सांगितलं. आमाला मारायची नव्हती. आमचं काम पुसायचं, खिट्ट्या वर-खाली करायच्या, गादी ओढायची. पण सत्तावन्न साली दिवाळीच्या सुट्टीत सगळं ओसाड होतं. दुपारची वेळ. दार लावलं आणि मारली. पलीकडे गेलो, पण टाचांवर पडलो आणि मग खांद्यावर. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. साहेबाला सांगितलं, जिन्यावरून पडलो.

"दुखलं असेल फार."

"महिनाभर," धर्मा म्हणाला, आणि त्याचा बोळका चेहरा उजळला. "पन बाय, मधी... मधी जे हाय ना, घोडा मागं सुटतो आनि गादी यायची असती... ते कायतरी लय भारी हाय बघा. म्हनून तर रोज पुसला त्याला."

मेघाला त्या दिवशी वर्गात शिकवताना मधेच 'मधी जे हाय ते' आठवलं आणि ती फळ्यावर लिहिता लिहिता थांबली.

अशात जानेवारीच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका छापून आली. फर्डे सरांनी नेहमीप्रमाणे कोणालाही न विचारता मजकूर दिला होता. मेघाने पत्रिका उघडली. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे भाषण, पारितोषिक वितरण, आणि खाली ठळक अक्षरांत: 'खास आकर्षण! प्रा. सौ. मेघा गायकवाड यांचे घोड्यावरील चित्तथरारक प्रात्यक्षिक'.

"सर!" मेघा त्यांच्या खोलीत घुसली. दाराच्या गोळ्याला तिचा पाय लागला, पण तिला कळलंही नाही. "मला अजून उडी येत नाही!"

"येईल. आठ दिवस आहेत," सर म्हणाले. "चारशे पत्रिका गेल्या. तुमच्या वडिलांनाही पाठवलीय, पोस्टाने."

त्या रात्री जेवताना इंद्रजीतने पत्रिका दोनदा वाचली. "घोडा?" तो म्हणाला. "तू?"

"हो."

"कुठून आणतेयस घोडा?"

"माझ्याकडे आहे," मेघा म्हणाली आणि भाताचा घास तोंडात असतानाच इतकी हसली की ठसका लागला. इंद्रजीतने पाणी दिलं, पाठीवर थापटलं, आणि मग कारण न कळताच तोही हसायला लागला. त्याला बिचाऱ्याला तिने शेवटपर्यंत खुलासा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माने तिला तीनदा धावायला लावलं आणि खोड सापडल्यासारखी मान हलवली. "बाय, तुमी श्वास कोंडता. फळीपाशी आलं की तोंड गच्च. म्हनून पाय अडकतात. आमची पोरं 'हुप्प' म्हनायची."

"मला नाही जमणार हुप्प."

"मंग दुसरं कायतरी म्हना. तुमाला येतंय ते म्हना."

तिला काय येत होतं? अकरा वर्षं, आधी शाळेत आणि मग इथे, जे ती रोज घोकून घेत होती ते. मेघा शेडच्या दाराशी गेली, वळली, आणि धावता धावता एकेका पावलाला म्हणू लागली, "प्रथमा! द्वितीया! तृतीया! चतुर्थी! पंचमी! षष्ठी! सप्तमी!" फळी आली. "संबोधन!" ती ओरडली, आणि हात चामड्यावर पडले, पाय दोहीकडे गेले, आणि घोडा मागे सुटला.

मधे खरंच काहीतरी होतं.

ती गादीवर ढुंगणावर पडली. धूळ उडाली. कापूस एका बुटातून बाहेर आला. हौसाबाई घाबरून धावली, "म्याडम! लागलं का गो?" तर मेघा आडवी पडून हसत होती. पोट धरून, पाय आपटून, एकोणचाळीस वर्षांचं सगळं न हसलेलं हसू एकदम बाहेर काढल्यासारखी. हौसाबाई तिच्याकडे बघून हसायला लागली. धर्मा घोड्याला धरून हसायला लागला. आठ वाजता मुलं आली तेव्हा तिघंही गादीवर बसून डोळे पुसत होती, आणि कुणालाच काय झालं ते सांगता येईना.

मैनाला दोन दिवसांत ते विभक्तीचं प्रकरण कळलं, आणि मैनाला कळलं म्हणजे कॉलेजला कळलं.

संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊपासूनच माणसं यायला लागली. दहापर्यंत रस्त्यावर टेम्पो, जीपा, मोटारसायकली, एक ट्रॅक्टर. शहापूरकडून आली, मुरबाडकडून आली, डोळखांबकडच्या पाड्यांवरून चालत आली. भात कधीच झोडून झालेलं, माणसं मोकळी होती. फर्डे सर आनंदाने वेडे व्हायच्या बेतात होते. "शिक्षणाची केवढी ओढ!" ते अध्यक्षांना म्हणाले.

ओढ कशाची ते हौसाबाईला ठाऊक होतं. माणसं पत्रिका हातात घेऊन एकच विचारत होती, "घोडा कुटं हाय? ती मास्तरीण घोड्यावर बसनार ती कवा?" कुणी सांगितलं की मॅडम उभ्यानं घोडा पळवतात. कुणी सांगितलं की घोडा जळत्या कड्यातून जातो. तेवढ्यात गर्दीतून मंगळू आला. मंगळूची पांढरी घोडी साऱ्या मुरबाडात लग्नाच्या वरातीला भाड्याने जायची. आज तिला त्याने धुऊन, कपाळावर गोंडा बांधून आणलं होतं.

"हौसाक्का," त्याने बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तुमच्या कालेजचा घोडा मुंबईचा, भारी जातीचा म्हनतात. माझ्या घोडीला लावायचा हाय. कुनाला इचारू? पिरन्सिपलला?"

हौसाबाईने त्याला प्रिन्सिपलकडेच पाठवलं. मंगळूने अध्यक्षांसमोर ती मागणी केली तेव्हा फर्डे सरांना दोन वाक्यांपर्यंत काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला.

मेघा शेडच्या मागे उभी राहून हे ऐकत होती. धर्माने आणि पोरांनी घोडा उचलून मैदानात आणला, फळी लावली, गादी अंथरली. गर्दीत कुजबुज झाली, मग ती वाढली.

"ह्याला तोंड नाय!"

"शेपूट कापली काय?"

"अरे, हा तर वर्गातला बाक हाय!"

मंगळूची घोडी तेवढ्यात खिंकाळली आणि सारा माळ हसला. माणसं उठायला लागली. कुणी म्हणालं, चला, टाइम गेला फुकट. मेघा पंजाबी ड्रेस आणि कापूस भरलेले बूट घालून पुढे आली, आणि तिला पहिल्या रांगेत आबा दिसले. बाहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर छत्री, हातात पत्रिका. शेजारी सुट्टी काढून आलेला इंद्रजीत, तोंड उघडं टाकून.

ती धावली. आबांकडे बघत धावली, त्यामुळे तोंड गच्च मिटलेलं राहिलं. फळीपाशी पाय थांबले आणि ती घोड्यावर छातीने आदळली.

गर्दीने "अर्रर्र" केलं. दुरून कुणीतरी शीळ घातली. मेघाने मान खाली घातली. मागे वळून ती परत जागेवर आली तेव्हा तिला वाटत होतं की जमीन उतारावरून ओढ्यात जावी आणि आपल्यालाही घेऊन जावी.

तेवढ्यात मैनाचा आवाज आला, घसा फाडून, "प्रथमा!"

मुली हसल्या. मग तृतीय वर्षाचा सगळा वर्ग उभा राहिला. "प्रथमा!" मेघाने पहिलं पाऊल टाकलं. "द्वितीया!" आता दुसरं वर्षही. "तृतीया!" शाळेत ज्यांनी ज्यांनी कधी छडी खाऊन हे पाठ केलं होतं त्या सगळ्या माणसांना काय चाललंय ते न कळताच तोंडात शब्द आले. "चतुर्थी! पंचमी!" ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडत होता. "षष्ठी!" अध्यक्ष ओरडत होते. "सप्तमी!" मेघाला स्वतःचा आवाज ऐकूच आला नाही, पाय फळीवर आपटले, आणि—

"संबोधन!" अख्खा माळ ओरडला.

ती पलीकडे उभी होती. खाली पडली नव्हती. दोन्ही पायांवर, टाचा न टेकता, हात वर. मग जो गलका झाला त्याने मंगळूची घोडी दोर तोडून ओढ्याकडे पळाली.

मेघाने काय केलं? लवून नमस्कार करायचा ठरला होता, तो तिने केला नाही. ती वळली, धावत जागेवर गेली, आणि परत मारली. तिसऱ्यांदा मारली. "आता पुरे, मॅडम," सर माईकवरून म्हणाले. तिने चौथ्यांदा मारली. मग मैना आली. मग हौसाबाई कासोटा खोचून आली आणि ती पलीकडे पडण्याआधी शिट्ट्या सुरू झाल्या. मग रांगच लागली. पोरी, पोरं, तलाठी, बारकू टेम्पोवाला, पाड्यावरून आलेल्या तीन बाया. प्रत्येकाला विभक्त्या माळच म्हणून देत होता. एखादा सप्तमी आली तरी फळीपर्यंत पोचलेला नसे. मग लोक 'सप्तमी, सप्तमी, सप्तमी' असं ताणत राहत. अध्यक्षांचं भाषण राहिलं ते राहिलंच. फर्डे सरांनी कोट काढून मेघाच्या हातात दिला, सर्वांना खूप घाईने नमस्कार केला, धावले, आणि घोड्यावर दोहीकडे पाय सोडून मधोमध बसले. त्यांना पुढेही जाता येईना आणि मागेही. "मिरवनूक काढा सरांची!" कुणीतरी ओरडलं. पोरांनी घोडा सरांसकट उचलला आणि मैदानाभोवती एक फेरी मारली. मंगळूने तोवर घोडी पकडून आणली होती, तो पुढे चालला.

धर्मा मागून धावत होता, "पाय धरा रे, पाय! खिट्ट्या निघतील!" पण हसत होता.

दुपारी दोनला कुणीतरी जेवणाची आठवण केली. मेघा घामाघूम, केस सुटलेले, आबांपुढे येऊन उभी राहिली. एवढ्या गर्दीतून आल्यावर तिला एकदम उंबऱ्यावर उभं असल्यासारखं वाटलं. आबांनी पत्रिकेची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ह्याला मार्क किती असतात?" त्यांनी विचारलं.

"ह्याला मार्क नसतात, आबा."

"मग कशाला मारली चार वेळा?"

"मजा येते म्हणून."

"हं," आबा म्हणाले. त्यांनी घोड्याकडे बघितलं, जिथे धर्मा आता फडक्याने चामडं पुसत होता. मग लेकीकडे बघितलं. "हात वर केलेस तेव्हा तुझी आई वाटलीस. ती पण भांडताना तसेच करायची."

इंद्रजीत अजून सावरला नव्हता. "ते बूट माझे आहेत," एवढंच तो म्हणाला.

सोमवारपासून दोन तुकड्या करून वर्ग सुरू झाले. मुलींची तुकडी मोठी निघाली. धर्मा सरळगावहून सकाळच्या एसटीने येई, आणि फर्डे सरांनी त्याला हजेरीपत्रकात 'मानद निदेशक' असं लिहून टाकलं. त्याचा अर्थ त्याने हौसाबाईला विचारला. ती म्हणाली, मान हलवली तरी चालेल असा.

पण ते पुढचं. संमेलनाच्या त्या संध्याकाळी मेघा, इंद्रजीत आणि आबा शहापूरला उतरून आबांच्या घराकडे चालली होती. मेघाचे पाय काही केल्या साधे चालेनात. ती दोन पावलं चाले, तिसऱ्याला उडे. वस्तीच्या तोंडाशी रस्त्याला आडवं एक उघडं गटार होतं. पन्नास वर्षं सगळी वस्ती तिथून वळसा घेऊन, मोरीच्या पुलावरून जायची. मेघा थांबलीच नाही. पर्स इंद्रजीतकडे फेकली आणि एका ढांगेत पलीकडे गेली.

इंद्रजीत मुकाट्याने मोरीकडे वळला. आबा मात्र काठावर उभे राहिले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी छत्री जावयाच्या हातात दिली, पँटचे पाय वर दुमडले, आणि पलीकडे उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले, "सरक."